चिंध्यांची बखर

इतिहासाची साधने कोणती, हा प्रश्न बी.एड.च्या परीक्षेत हमखास विचारला जाई. उत्तरही ठरलेले असे : शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी, तवारिखा, फर्माने आणि परदेशी प्रवाशांची वर्णने. उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवताना मीही ही यादी फळ्यावर लिहिते आणि मुले ती वहीत उतरवून घेतात. या यादीतील बहुतेक साधने मात्र एकाच वर्गाच्या हातची आहेत. शिलालेख कोरवून घ्यायला राजा लागतो, तवारीख लिहायला दरबार लागतो आणि फर्मानावर मोहोर उमटवायला सत्ता लागते. ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते, त्यांनी आपल्या मागे काय ठेवले? अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब बायकांपुरते बोलायचे, तर त्यांनी गोधड्या ठेवल्या. त्यातही कुणाच्याच उपयोगाच्या नसलेल्या अरुंद चिंध्यांच्या गोधड्या. इंग्रजीत त्यांना 'स्ट्रिंग क्विल्ट' म्हणतात. या लेखात त्या गोधड्यांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायचे आहे.

'स्ट्रिंग' या शब्दाने दोरी डोळ्यांसमोर येते, पण इथे त्याचा अर्थ वेगळा आहे. कपडा बेतताना कडेला जी निमुळती, वाकडी-तिकडी पट्टी उरते, ती म्हणजे 'स्ट्रिंग'. आपल्याकडे शिंपी तिला कातरण म्हणतो, उर्दूत कतरन. अर्ध्या इंचापासून दोन-अडीच इंचांपर्यंत रुंदीची ही पट्टी. तिचा रुमाल होत नाही आणि तिचे ठिगळही लागत नाही. चौकोन कापून नक्षीची गोधडी करावी, तर तेवढाही कपडा तिच्यात नसतो. म्हणजे टाकाऊतलेही टाकाऊ. त्यातून पांघरूण करायचे, तर वेगळी युक्ती लागते.

आपल्या गोधडीपेक्षा ही युक्ती निराळी आहे. आपल्याकडे जुनी लुगडी, साड्या, धोतरे एकावर एक अंथरतात आणि धावदोऱ्याने सगळे थर एकत्र शिवतात. स्ट्रिंग गोधडीत आधी पाया घेतात. वर्तमानपत्राचा किंवा एखाद्या जुन्या पातळ कापडाचा चौकोन कापायचा. पहिली पट्टी त्या चौकोनावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी, सुलट बाजू वर करून ठेवायची. दुसरी पट्टी तिच्यावर उलटी ठेवायची, कडेला कड जुळवायची आणि पायासकट टीप मारायची. मग ती पट्टी उलगडून बोटाने दाबली की ती सुलटी होऊन शेजारी बसते. तिच्यावर तिसरी, मग चौथी. असे करत पाया दोन्ही कोपऱ्यांपर्यंत झाकला की बाहेर आलेली टोके पायाच्या मापाने कापून टाकायची. वेड्यावाकड्या पट्ट्यांचा एक काटेकोर चौकोन हाती येतो. असे चार चौकोन तिरप्या रेघा आत वळवून जोडले की मधोमध समभुज चौकटी उभ्या राहतात.

पाया का हवा, हेही समजून घ्यायला हवे. कातरण बहुधा कापडाच्या आडव्या-उभ्या धाग्यांना तिरपी कापलेली असते आणि तिरपे कापड ओढले की ताणते. नुसत्या पट्ट्या एकमेकींना शिवत गेले, तर सगळा चौकोन लोंबतो. कागद त्यांना धरून ठेवतो. शिवण पूर्ण झाली की कागद फाडून काढतात. तो टाक्यांच्या रेघेवर सहज फाटावा, म्हणून टीप बारीक घालतात. या तयार झालेल्या वरच्या थराखाली कापूस पसरायचा, त्याखाली अस्तर घालायचे आणि तिन्ही थर हाताने टाके घालून पक्के करायचे, म्हणजे गोधडी झाली. शिंप्याच्या दुकानातून मूठभर कातरण आणि घरातून जुने वर्तमानपत्र आणले, तर सातवीच्या वर्गातही असा एक चौकोन एका तासात करून दाखवता येतो.

आता इतिहासाकडे वळू. कातरण उरण्यासाठी आधी कापड मुबलक हवे. हातमागाच्या काळात कापड इतके महाग होते, की कुणी त्याच्या पट्ट्या उरू देत नसे. अमेरिकेत १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र शोधले आणि कापसाची शेती अफाट वाढली. ही शेती गुलामांच्या श्रमावर उभी होती. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते आणि त्यांतले बरेचसे कापसाच्या मळ्यांवर राबत होते. गिरण्यांमुळे छापील सुती कापड स्वस्त झाले. १८५१ साली आयझॅक सिंगरला शिलाई यंत्राचे पेटंट मिळाले आणि पुढच्या काही दशकांत ते यंत्र हप्त्यांवर घरोघर पोहोचले. घरी कपडे शिवले जाऊ लागले, तशा कातरणी उरू लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्ट्रिंग गोधड्या दिसू लागतात, त्यामागे हे कारण आहे.

या कापसाचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस थांबला. ती भूक भागवायला वऱ्हाड-खानदेशाचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडला जाऊ लागला. मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. १८६५ मध्ये युद्ध थांबताच तो बाजार कोसळला. आपल्या पुस्तकांत त्या प्रसंगाची आठवण शेअरबाजारातील दिवाळ्यांमुळे उरली आहे. त्याच युद्धाने जे ४० लाख लोक मोकळे झाले, त्यांच्या बायका पुढे काय पांघरत होत्या, हे मात्र आपण विचारत नाही.

त्यासाठी अलाबामा राज्यातील एका गावात जायला हवे. विल्कॉक्स परगण्यात अलाबामा नदी घोड्याच्या नालासारखी वळते. त्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेल्या जमिनीला 'जीज बेंड' म्हणतात. १८१६ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिनातून आलेल्या जोसेफ जी नावाच्या माणसाने इथे मळा वसवला, म्हणून हे नाव. १८४५ मध्ये तो मळा त्याच घराण्याशी नाते असलेल्या मार्क पेटवेकडे गेला. पेटवेने पुढच्या वर्षी आपले सुमारे शंभर गुलाम नॉर्थ कॅरोलिनातून अलाबामापर्यंत चालवत आणले. मालकाचे नाव गुलामांना चिकटले. आजही त्या गावात आडनाव विचारले तर बहुधा उत्तर एकच येते : पेटवे.

१८६५ नंतर हे लोक मोकळे झाले, पण जमीन मालकाचीच राहिली. ते वाट्याने शेती करू लागले. बियाणे, अवजारे, पीठ सगळे उधारीवर घ्यायचे आणि कापूस निघाला की हिशेब करायचा. हिशेबाची वही सावकाराकडे असायची. आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. १९३२ साली, महामंदीच्या ऐन काळात, कॅम्डेन गावचा एक व्यापारी मरण पावला आणि त्याच्या विधवेने थकबाकीच्या वसुलीसाठी माणसे पाठवली. सुमारे ६० कुटुंबांची जनावरे, अवजारे, गाड्या, साठवलेला मका सगळे उचलून नेले. त्या हिवाळ्यात गाव उपासमारीच्या तोंडाशी आले आणि रेड क्रॉसच्या धान्यावर तगले.

पुढे रूझवेल्ट सरकारने ती जमीन विकत घेतली, लहान घरे बांधली आणि कमी व्याजाच्या कर्जावर कुळांना जमिनी दिल्या. या योजनेच्या आधी गाव कसे होते, हे नोंदवायला १९३७ मध्ये आर्थर रॉथस्टीन या सरकारी छायाचित्रकाराला पाठवण्यात आले. त्याच्या छायाचित्रांत लाकडी ओंडक्यांची घरे आहेत. आतल्या भिंतींना थंडी अडवण्यासाठी वर्तमानपत्रे चिकटवलेली आहेत. एका चित्रात जोरेना पेटवे दोन मुलींबरोबर गोधडीवर काम करताना दिसते. एकाच घरात भिंतीला कागद आणि अंगावर चिंध्या, दोन्ही एकाच कारणासाठी : वारा आत येऊ नये म्हणून. नक्षी हा विचार त्यानंतरचा. पण तो विचार त्या बायकांनी केलाच, हे विशेष.

इथल्या एका गोधडीची हकिगत सांगण्याजोगी आहे. मिसूरी पेटवे हिचा नवरा १९४१ मध्ये वारला. १९४२ साली तिने त्याचे शेतात वापरायचे कपडे काढले. त्यांच्या पट्ट्या आणि चौकोन कापून तिने गोधडी केली. निळ्या-करड्या रंगांचे ते कापड कुठे उन्हाने विटलेले, कुठे खिसा उसवल्यामुळे आतला गडद रंग तसाच राहिलेले. तिची मुलगी आर्लोन्झिया पुढे सांगे, की आईला ती गोधडी वडिलांची आठवण म्हणून हवी होती, त्यांच्या प्रेमाखाली झोपता यावे म्हणून. त्या माणसाबद्दल सरकारी दप्तरात फार तर एक-दोन ओळी असतील. गोधडीत मात्र त्याचे गुडघे कुठे घासले जात, हेही दिसते. दस्तऐवज याहून वेगळा काय असतो?

गोधडी दस्तऐवज असेल, तर ती वाचण्याची रीतही असली पाहिजे. ती आहे. पहिली खूण कापडाची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पीठ, साखर आणि कोंबड्यांचे खाद्य सुती पोत्यांतून येई. १९२० च्या दशकाच्या मध्यापासून कंपन्या ही पोती फुलाफुलांच्या छापील कापडाची करू लागल्या, कारण बायका त्यांचे झगे शिवतात हे त्यांच्या लक्षात आले. गोधडीत असे कापड सापडले, तर ती त्याआधीची असू शकत नाही. दुसरी खूण कागदाची. कितीतरी चौकोन अर्धवट राहिले, आई मेली, मुली शहरात गेल्या आणि मागचा कागद फाडायचाच राहून गेला. वर्तमानपत्राचा तुकडा, टपालाने माल विकणाऱ्या दुकानाच्या सूचीचे पान, मुलाच्या शाळेच्या वहीचा कागद, जुने पत्र असे काहीही निघते. त्यावर तारीख असली, तर त्या तारखेच्या आधी हा चौकोन शिवलेला नाही एवढे नक्की होते. नंतर किती वर्षांनी शिवला, ते मात्र कागद सांगत नाही. पुरावा जितके बोलतो तितकेच ऐकायचे, हा इतिहासाचा पहिला धडा इथेही लागू पडतो.

हा धडा विसरला की काय होते, त्याचे उदाहरणही याच विषयात आहे. १९९९ मध्ये 'हिडन इन प्लेन व्ह्यू' नावाचे पुस्तक अमेरिकेत निघाले. गुलामांना उत्तरेकडे पळून जाण्याच्या वाटा गोधड्यांवरील नक्षीतून सांगितल्या जात, अशी गोष्ट त्यात होती. अमुक नक्षी वाळत घातली म्हणजे सामान बांधा, तमुक दिसली म्हणजे निघा. गोष्ट मोठी गोड होती. शाळांनी ती उचलली, मुलांची पुस्तके निघाली. पण तिचा आधार एका बाईने सांगितलेली कौटुंबिक आठवण एवढाच होता. १९३० च्या दशकात सरकारने २३०० हून अधिक माजी गुलामांच्या मुलाखती लिहून घेतल्या होत्या. त्यांत गोधड्यांचा उल्लेख येतो, एकत्र बसून गोधडी शिवण्याच्या रात्रींचा येतो, पण असल्या संकेतांचा येत नाही. सांकेतिक म्हणून सांगितलेल्या काही नक्ष्या तर नंतरच्या काळातल्या निघाल्या. म्हणून बहुतेक इतिहासकारांनी ही कथा नाकारली. गरिबांचा इतिहास लिहायचा, तर तोही तपासून लिहायला हवा. त्यांना खोटा दागिना घालणे हा त्यांचा सन्मान होत नाही.

असाच दुसरा वाद पट्ट्यांच्या मुळाविषयी आहे. पश्चिम आफ्रिकेत अरुंद मागावर हातभर रुंदीहूनही कमी पट्ट्या विणतात आणि त्या कडेला कड जोडून मोठे वस्त्र करतात. घानाचे केंटे त्यातले प्रसिद्ध. मांदे, हौसा अशा मुस्लिम विणकर समाजांतही ही रीत जुनी आहे. पट्ट्यांची आवड गुलामांबरोबर समुद्र ओलांडून गेली, असे काही अभ्यासकांनी मांडले. या विचाराला आकर्षण आहे. परंतु स्ट्रिंग गोधड्या गरीब गोऱ्या बायकांनीही शिवल्या. आणि कृष्णवर्णीय बायकांच्या सगळ्या गोधड्या एकाच साच्यातल्या नसतात, हे क्युएस्टा बेनबेरी या कृष्णवर्णीय अभ्यासक बाईंनीच ठासून सांगितले. १९९२ सालच्या त्यांच्या प्रदर्शनाचा आणि पुस्तकाचा तोच रोख होता. हातात उरते काय, याचे उत्तर खंडापेक्षा खिसा अधिक ठरवतो.

आता नावाचा आणि मोलाचा प्रश्न. १९६० च्या दशकात जीज बेंडचे लोक मताच्या हक्कासाठी उभे राहिले. परगण्याचे मुख्य ठिकाण कॅम्डेन नदीपलीकडे होते. १९६२ मध्ये नावेची सेवा बंद करण्यात आली आणि पैलतीर गाठायला सुमारे ६५ किलोमीटरचा वळसा पडू लागला. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग या गावात येऊन गेले. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या कितीतरी जणांना काम आणि घर गमवावे लागले. अशा काळात, १९६६ साली, फ्रान्सिस वॉल्टर या पाद्र्याच्या पुढाकाराने या भागातील बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. एस्टेल विदरस्पून यांनी ती दीर्घकाळ चालवली. गोधड्या न्यूयॉर्कला लिलावात आणि दुकानांत विकल्या जाऊ लागल्या. १९७२ पासून सिअर्स या कंपनीसाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. काम ठरीव मापाचे होते, पण त्याची कातरण घरी नेता येई. सत्तरच्या दशकातील तिथल्या गोधड्यांत कॉर्डरॉयच्या जाड पट्ट्या अचानक दिसू लागतात, त्या या कंत्राटातल्या. कापड वाचता येते म्हणतात ते असे. ही संस्था २०१२ मध्ये बंद झाली.

२००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्या भिंतींवर टांगल्या गेल्या. समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या पंगतीत बसवले. २००६ मध्ये त्यांतल्या दहा गोधड्यांची टपाल तिकिटे निघाली. नदीवरची नावही त्याच वर्षी, ४४ वर्षांनी, पुन्हा सुरू झाली. २००७ मध्ये अ‍ॅनी मे यंग, लोरेटा पेटवे यांच्यासह काही जणींनी न्यायालयात दावे लावले. आपल्या कामातून झालेल्या कमाईत आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही, हे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी तडजोड झाली. २०१५ मध्ये मेरी ली बेंडॉल्फ, लूसी मिंगो आणि लोरेटा पेटवे यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. कलेची कदर आणि कलावंताची कदर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी नेहमी उशिरा येते. तरीही इथे एक मोठी गोष्ट घडली. गोधडीखाली शिवणारीचे नाव लागले.

आपल्याकडे हे घडले आहे का? आफ्रिकेतून आपल्याकडेही माणसे आणली गेली. मराठी वाचकाला त्यांतला मलिक अंबर माहीत असतो. १६२६ मध्ये मरण पावलेला अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर, खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवणारा, एकेकाळचा गुलाम. जंजिऱ्याचे सिद्दीही माहीत असतात. त्यांच्या नोंदी तवारिखांत आणि बखरींत आहेत, कारण त्यांच्या हाती तलवार आणि किल्ला होता. पण उत्तर कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात जे सिद्दी राहतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम होते, जे तिथून निसटून रानात गेले. आज त्यांत मुस्लिम आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्तीही आहेत. या तिन्हींच्या बायका एकाच रीतीने 'कवंदी' शिवतात. खाली जुनी साडी, तिच्यावर फाटक्या कपड्यांचे तुकडे कडा दुमडून बसवायचे. सुरुवात एका कोपऱ्यापासून होते आणि धावदोरा कडेकडेने फिरत मध्यावर येऊन संपतो. चार कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना 'फुले' म्हणतात. अमेरिकी अभ्यासक हेन्री ड्रुअल यांच्या प्रयत्नांनी २०११ मध्ये या कवंद्यांचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात भरले.

कवंदी आणि स्ट्रिंग गोधडी यांची शिवण वेगळी आहे आणि त्यांना जोडणारा ऐतिहासिक धागा दाखवता येत नाही. तसा तो ओढूनताणून जोडूही नये. साम्य परिस्थितीत आहे. घरदार हिरावलेल्या माणसांच्या बायकांना दोन्हीकडे एकच कच्चा माल मिळाला : इतरांनी टाकलेला कपडा आणि स्वतःचा झिजलेला.

आपल्या परंपरेत ठिगळाला अप्रतिष्ठा नव्हती. सूफी फकीर ठिगळांची कफनी घालत, तिला 'मुरक़्क़ा' म्हणत. मुघल काळात चित्रे आणि खुशखताची पाने एकत्र चिकटवून जे संग्रह बांधले गेले, त्यांनाही 'मुरक़्क़ा' हेच नाव मिळाले. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ठिगळे जोडून केलेले. बादशहाच्या संग्रहातले मुरक़्क़े जगभरच्या संग्रहालयांत काचेआड जपले आहेत. चित्रकाराचे नाव, सुलेखनकाराचे नाव, कधी सालही त्यांवर असते. तोच शब्द ज्या घरगुती गोधडीला शोभला असता, तिच्यावर मात्र काहीच लिहिलेले नसते.

घरातल्या जुन्या गोधड्या आता फार दिवस टिकणार नाहीत. बाजारात यंत्रावरची ब्लँकेटे स्वस्त मिळतात आणि गोधडी पुसणे म्हणून संपते. ती फेकण्याआधी एक काम करता येईल. अस्तराच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाची एक पट्टी शिवावी. पक्क्या शाईने, मराठीत किंवा उर्दूत, तिच्यावर चार गोष्टी लिहाव्यात : शिवणारीचे नाव, तिचे गाव, अंदाजे साल, आणि कुणाकुणाचे कपडे यात आहेत ते. आजी हयात असेल तर तिला विचारून, नसेल तर फुफ्फीला, खालाला विचारून. माहीत नसेल ती जागा कोरी सोडावी, पण आपल्या मनाने भरू नये. फळ्यावरच्या इतिहासाच्या साधनांच्या यादीत मी आता शेवटी एक शब्द जास्त लिहिते आणि मुलांना घरी जाऊन ती पट्टी शिवायला सांगते.